मणक्याच्या गादीसाठी हार्मोन: गोळी, पेन की नुसतीच घाई?

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. मणक्यातली गादी झिजू नये म्हणून आजघडीला कोणतंही हार्मोन मंजूर नाही. तरी पन्नाशीच्या बाईची कंबर धरली आणि एमआरआयमध्ये ‘गॅप’ निघाला की इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची गोळी घ्यावी का टेरीपॅराटाइड या हाडांच्या औषधाचं टोचायचं पेन, हा प्रश्न घरात निघतोच. दोन्ही औषधं दुसऱ्याच आजारांची आहेत, म्हणून तो दुसरा आजार आहे की नाही यावरच निवड ठरते.

गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरखालच्या मणक्यांच्या पातळ पापुद्र्यातून अन्नपाणी झिरपेल तेवढ्यावर ती जगते. मणक्याचं हाड ठिसूळ झालं, पापुद्रा बिघडला, की गादी उपाशी राहते. हाड सांभाळणाऱ्या हार्मोनची आशा इथूनच येते.

इस्ट्रोजेनचं पाहू. गादीच्या पेशींना या हार्मोनची खूण ओळखता येते, आणि पाळी गेल्यावर बायकांच्या गाद्या त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा जास्त बसतात, असं तपासण्यांत दिसलंय. पण यावरून गोळी घेतल्याने गादी वाचते असं ठरत नाही. जोखीम मात्र पक्की माहीत आहे. अमेरिकेत साडेसोळा हजारांवर बायकांवर चाललेली मोठी चाचणी 2002 मध्ये मध्येच थांबवली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (त्याच्या जोडीचं दुसरं हार्मोन) एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी वाढल्या होत्या. खुब्याची फ्रॅक्चरं कमी झाली, हेही खरं. आज साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी आणि अंगाची आग-घाम असह्य असेल तर डॉक्टर ही गोळी देतात. नुसत्या कंबरेसाठी मी तरी कुणाला ती सुचवणार नाही.

एक अपवाद आपल्या भागात वरचेवर दिसतो. तिशी-पस्तिशीतच पिशवी काढलेल्या बाया गावोगाव आहेत. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही गेली असतील, तर पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं साधारणपणे मानलं जातं, आणि ते मुख्यतः हाडांसाठी आणि हृदयासाठी. डिस्चार्ज कार्ड पेटीतून काढा, अंडाशयं ठेवली की काढली ते वाचा. पुष्कळदा बाईला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

टेरीपॅराटाइड म्हणजे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनचा पहिला तुकडा, अमिनो आम्लांच्या साखळीतल्या 84 पैकी 34 दुवे. हे हार्मोन रक्तात सतत जास्त राहिलं तर हाड विरघळवतं, दिवसातून एकदाच थोडंसं दिलं तर हाड बांधतं. रोज 20 मायक्रोग्रॅम, मांडीत किंवा पोटावर. 2001 च्या चाचणीत हाडं ठिसूळ झालेल्या बायकांची मणक्याची नवी फ्रॅक्चरं त्याने 65 टक्क्यांनी घटवली. उंदरांत गाद्यांची झीज मंदावल्याचंही दिसलंय. माणसाच्या गादीबद्दल तेवढा भक्कम पुरावा अजून नाही.

खर्च महिन्याला हजारांत जातो, एरवी कोर्स दोन वर्षांपर्यंत चालतो, आणि संपला की हाड टिकवायला दुसरं औषध लागतं, नाहीतर कमावलेलं जातं. मुतखडा, रक्तात जास्त कॅल्शियम किंवा आधी घेतलेलं रेडिएशन असेल तर डॉक्टरला आधीच सांगा. शिवाय पेन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर असतो आणि लाईन दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसतो. घरी फ्रीज नसेल, तर पेनचा विचार करण्याआधी ते कुठे ठेवणार याचा करा.

म्हणून मणक्याचं फ्रॅक्चर झालं असेल किंवा हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली असेल, तर पेनचा विषय काढा. सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवून मगच. गादीचा फायदा झाला तर वरकड समजा.

आता तिसरं हार्मोन, ज्याची तुलना कुणी करत नाही. कंबर दुखली की गावात जी सुई टोचून मिळते, त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं, आणि तेही हार्मोनच. दोन दिवस बाई धानाच्या रोवण्याला उभी राहते, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा सुई. वारंवार घेतलं तर हाड आणखी पोकळ होतं, साखर चढते. पायात उतरणाऱ्या कळेसाठी तज्ज्ञ मणक्याजवळ देतात ते इंजेक्शन वेगळं, पण त्याचाही आराम तात्पुरताच. या तिघांत मला सगळ्यात भीती याचीच वाटते, कारण त्याची चिठ्ठीही नसते.

एमआरआयच्या ‘गॅप’ला फार भिऊ नका. पन्नाशीच्या, काहीच न दुखणाऱ्या माणसांतही दहांपैकी आठांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. हार्मोनचे पैसे ठरवण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून पाठीचे व्यायाम शिकून तीन महिने करून पाहा, आणि खर्रा सोडा. कापूस वेचताना ओटी कमरेवर लटकत ठेवण्यापेक्षा लवकर रिकामी करा.

मात्र लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर यातलं काहीच करत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.