भिरूड लागलेलं आजीचं कपाट आणि कुडाळकडचे सुतारकाका

वेंगुर्ल्याच्या घरी आजीचं कपाट आहे, फणसाचं, दोन दारांचं, पितळी कड्यांचं. गणपतीला गेलो तेव्हा खालच्या कप्प्यातल्या चादरीवर पिठी पडलेली, आईला वाटलं तांदळाचं पीठ सांडलं असेल, झटकून टाकलं तर दुसऱ्या दिवशी परत तेवढीच. भिरूड, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा!

आधी एक पेस्ट कंट्रोलवाला बोलावला. त्याने वाळवी वाळवी करत बाहेरून फवारा मारला, १८०० घेतले आणि गेला. अहो वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या, इथे टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं होती. आणि अळी आत बसून लाकूड खातेय, पॉलिशवर मारलेलं औषध तिच्यापर्यंत जाणार कसं? महिनाभराने पिठी परत चालू.

मग कुणीतरी या काकांचं सांगितलं. आले, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे टकटक करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, फेकू नको हां, फणस अजून शाबूत आसा." पोखरली होती ती मागची फळी आणि दोन कप्पे, ते आंब्याचे निघाले! दर्शनी भाग फणसाचा आणि मागे स्वस्तातला आंबा, शिवाय पॉलिश फक्त पुढून. किडा कोऱ्या लाकडातच अंडी घालतो म्हणे, त्यात पावसात चिऱ्याच्या भिंतीची ओल, म्हणजे त्याला आमंत्रणच.

मला सगळ्यात आवडलं ते हे की लगेच कामाला हात घातला नाही. भोकांखाली काळा कागद पसरायला लावला, आठ दिवस दारं उघडायची नाहीत, कारण दार आपटलं तरी जुनी पिठी पडते आणि किडा जिवंत आहे की मेलाय ते कळत नाही. आठ दिवसांनी कागदावर छोट्या ढिगल्या, म्हणजे जिवंत.

मागची फळी आणि कप्पे काढून जाळले, नवीन टाकले. बाकी ठिकाणी इंजेक्शनच्या सिरिंजने भोकाभोकात औषध, आणि हे बघायला मजा येते, एका भोकात सोडलं की चार बोटं लांबच्या भोकातून पिचकारी, तेव्हा कळतं आत केवढे बोगदे केलेत मेल्याने (माझ्या चष्म्यावर उडालं, जवळ जाऊ नका). मग प्लास्टिक गुंडाळून आठवडाभर ठेवलं. भोकं फणसाच्या भुशात फेव्हिकॉल कालवून बुजवली. पाठीला आणि पायांना काजूच्या टरफलाचं तेल, होड्यांना लावतात तेच, हात लावाल तर कातडी सोलवटते.

एकूण ६५०० झाले, सामानासकट. तक्रारी आहेत. सांगितलेल्या दिवशी दोनदा आलेच नाहीत, फोन पण उचलला नाही. नवीन कप्प्यांचा रंग जुन्याशी जुळत नाही, उघडलं की डोळ्याला खुपतं. आणि वास! पंधरा दिवस त्या खोलीत कोणी झोपलं नाही, कपडे तर महिन्याने ठेवले. तरी चार स्टार देईन. नंबर इथे टाकू नको म्हणालेत, आधीच कामं तुंबलीयत.

कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय. आत एखादी अळी राहिली असेल तर वर्षाने पण बाहेर येते म्हणून काळा कागद तसाच ठेवायला सांगितलाय. शिमग्याला बघितला, कोरा होता. आईने त्यावर आमसुलांची बरणी ठेवलीय ते सोडा.