परतीच्या मालाची पेटी : 'तपासलेला' म्हणजे नक्की काय?

ग्राहकांनी परत केलेल्या वस्तूंची 24 नगांची पेटी एका घाऊक विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवली. यादीत ठळक अक्षरांत 'तपासलेला माल' लिहिलं होतं. तपासला म्हणजे कुणीतरी खोकी उघडून पुन्हा चिकटपट्टी मारली, एवढंच. 13 नग जसेच्या तसे विकण्याजोगे निघाले, 5 हात फिरवल्यावर, उरलेले 6 भंगार. इअरबडच्या एका डबीत तर दोन्ही डावेच!

खेळण्यातल्या गाडीच्या रिमोटमध्ये सेल गळून पांढरी पूड साचली होती. अल्कलाइन सेलची ही पूड व्हिनेगरने निघते. कानकोरण्याच्या कापसावर दोन थेंब घेतले, पत्तीवर टेकवले, जरासं फसफसलं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रात्रभर उघडं ठेवलं. सकाळी बटण दाबलं तर गाडी टेबलावरून थेट खाली! पहिला नफा तिचाच.

भाव लावताना मी ईबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' हा फिल्टर लावते. मागणारा काय वाट्टेल ते मागतो, घेणाऱ्याने किती मोजले ते बघायचं. आणि भंगार लगेच फेकायचं नाही. 1995 मध्ये ईबेवर पहिल्यांदा विकला गेला तो बिघडलेला लेझर पॉइंटरच. त्या भरवशावर मीही 'दोन्ही डावे, दोन्ही चालू' असं स्वच्छ लिहून इअरबड टाकले. तीन दिवसांत गेले. डावा हरवलेली माणसं जगात बरीच असावीत.

मार खाल्ला तो लॅम्पशेडने. काट्यावर जेमतेम सव्वा किलो, पण खोका 40 × 40 × 35 सेंटिमीटरचा. कुरिअरवाल्यांनी खरं वजन सोडून आकारमानावरून वजन धरलं : लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला 5000 ने भागलं आणि 11.2 किलोचे पैसे सांगितले. पोकळ वस्तू घेण्याआधी टेप लावा, ही अक्कल मला तेव्हा आली.

सहा भंगार नगांचे फोटो विक्रेत्याला पाठवले. उत्तर आलं : 'परतीचा माल परत घेतला जात नाही.' वाचून रागापेक्षा हसूच जास्त आलं.

पैसे वसूल झाले, वर थोडे सुटले. पण पुसणं, फोटो काढणं, बांधणं यात दोन अख्खे शनिवार-रविवार गेले, ते या हिशोबात धरलेले नाहीत. पाचपैकी अडीच तारे. यादीत प्रत्येक नगाचा मॉडेल नंबर आणि फोटो दिला, तरच पुढची पेटी. लॅम्पशेड सध्या माझ्याच खोलीत लटकतोय.