पेटी चरखा घेऊन आठ महिने झाले, घ्यावा का?

मागच्या दिवाळीनंतर पेटी चरखा घेतला, आता आषाढ चालूय. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, कारण पहिले दोन दिवस मी तो फक्त उघडून-मिटून बघत होते, एवढीशी पेटी आणि आत दोन चाकं, चाती (दोरा पिळून गुंडाळणारी टोकदार सळई), सगळं बसवलेलं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्यावर डोकं लावलं तोच हा, म्हणून याला येरवडा चरखा पण म्हणतात.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये फ्लॅटमध्ये राहते. मिलचं कॉटनचं सूत आणून घरी रंगवायचं आणि क्रोशावाल्यांना लड्या विकायच्या, हे दोन वर्षांपासून चालूय. कताई मात्र नवीन. डोक्यात होतं की स्वतः कातलेलं, स्वतः रंगवलेलं म्हटलं की दुप्पट भाव मिळेल. ते कसं झालं ते पुढे सांगते.

कुरियर धरून ४,२०० रुपये पडले. पॅकिंग चांगलं होतं, पण चाती वाकडी आली आणि ते मला तीन आठवडे कळलंच नाही! दोरा दर दोन हातांवर तुटायचा, मला वाटायचं माझाच हात बसत नाहीये, युट्यूबवर बाया कशा सरसर कातायच्या आणि माझ्या मांडीवर नुसते तुकडे. शेवटी शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजोबांना दाखवलं, त्यांना शाळेत सूतकताईचा तास असायचा. त्यांनी चाती काढली, डोळ्यासमोर धरून फिरवली आणि म्हणाले, "अगं, तुझा हात सरळ आहे, हीच वाकडी आहे." विकणाऱ्याने दुसरी पाठवली पण कुरियरचे पैसे माझ्याकडूनच घेतले, त्याचा राग अजून आहे. तर आल्यावर पहिलं काम, माळ (चाकावरून चातीला फिरवणारी दोरी) न चढवता चाती फिरवून बघा, टोक थरथरलं तर लगेच परत करा. एक जास्तीची चाती पण मागवून ठेवा.

हात बसायला मला दीड महिना लागला. डाव्या हाताने पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) मागे ओढायचा आणि उजव्याने चाक, दोन्हीचा मेळ जमेपर्यंत चिडचिड होते. आजोबांनी आधी टकळीवर (हाताने गरगर फिरवायची साधी चाती) शिकायला लावलं, ते बरं झालं. (घरात टकळी आली म्हटल्यावर नवरा म्हणाला, एक होती की आधीपासून.)

आता मुद्द्याचं, वेग. मोठं चाक छोट्याला फिरवतं, छोटं चातीला, त्यामुळे हात सावकाश चालला तरी चाती सुसाट पळते. तरीसुद्धा माझं तासाला दीडशे ते दोनशे मीटरच होतं. १०० ग्रॅमची लडी, माझ्या जाडीने साधारण १,२०० मीटर एकेरी सूत, म्हणजे सहा ते आठ तास नुसती कताई, मग दोन दोरे एकत्र पिळायचे, सोड्यात उकळायचं, रंगवायचं, वाळवायचं. दोन दिवस गेलेच. ही लडी मी ९०० ला विकते आणि प्रदर्शनात बाई हातात घेऊन विचारते, मशीनवरची कितीला? मजुरी काढायला बसू नका, रडू येईल. बरं हे दुखणं माझं एकटीचं नाही, १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने जास्त सूत काढणाऱ्या सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं आणि ते शेवटी कुणालाच मिळालं नाही.

त्यामुळे आज माझ्या विक्रीत कातलेल्या लड्या दहात एखादीच. बाकी सगळं मिलचं सूत, आणि लेबलवर तसं स्पष्ट लिहिते. काही जण मिलचं सूत हातकताईचं म्हणून खपवतात, ते मला पटत नाही.

मग चरख्याचा उपयोग काय? रंग! हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. हाताने कातलेल्या सुतात पीळ कुठे कमी कुठे जास्त असतो, आणि जिथे पीळ सैल तिथे रंग जास्त पितो, त्यामुळे एकाच लडीत गडद-फिकं आपोआप येतं, मिलच्या सुतावर तसं आणायला मला चमच्याचमच्याने रंग ओतत बसावं लागतं. ती एक लडी टेबलावर पुढे ठेवली की लोक थांबतात आणि मग शेजारची मिलच्या सुताची ४५० वाली घेऊन जातात.

रंगाला नाशकात तोटा नाही. कांद्याची सालं दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डातून फुकट आणते, पहिल्यांदा मागितली तेव्हा हमाल हसले होते, आता बाजूला काढून ठेवतात. १०० ग्रॅम सुताला २० ग्रॅम हिरडा पावडर, मग १५ ग्रॅम तुरटी, मग सुताच्या वजनाएवढी साल. हिरडा टाळू नका, कॉटनला नुसत्या तुरटीने रंग नीट धरत नाही. आपल्या लाल कांद्याचा रंग लाल येत नाही हं, सोनेरी तपकिरी येतो. त्यातच हिराकसाची (लोखंडाचा क्षार) चिमूट टाकली की शेवाळी. डाळिंबाच्या सालीचा पिवळा मात्र कांद्यापेक्षा टिकाऊ. पातेलं स्टीलचंच आणि स्वयंपाकाचं अजिबात नको, सासूबाईंची कढई एकदा घेतली होती, रंग काळपट आला आणि घरात काय झालं ते विचारू नका.

माझी चूक पण सांगते. सुरुवातीला हळदीने रंगवलेल्या चार लड्या विकल्या, काय सुंदर पिवळा होता! एकीने बाळाचं टोपडं विणलं, साबणाने धुतलं तर लाल झालं आणि उन्हात वाळवलं तर उडालं. शर्टावर हळद सांडली की साबणाने लाल होते हे लहानपणापासून बघतोय, तरी डोक्यात आलं नाही. पैसे परत केले, हळद बंद.

चरख्याच्या कुरकुरी म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये नाशकाची हवा इतकी कोरडी की दोरा तटातट तुटतो, तेव्हा पहाटे कातायचं नाहीतर ओलं फडकं शेजारी टांगायचं. पावसात उलटं, दोरा मस्त निघतो पण लाकूड फुगून झाकण अडकतं. माळ घसरायला लागली की थोडं मेण चोळते. धनगराकडून आणलेली लोकर पण करून बघितली, नाही जमत, चाती बारीक, दोरा जाड, दोन मिनिटांत भरते. लोकरच कातायची असेल तर हा घेऊ नका, पायाचा बघा.

कताई हाच धंदा करायचा असेल तरी नको. आधीच रंगवत असाल आणि संध्याकाळी तासभर बसायची तयारी असेल तर घ्या. माझा पैसा अजून पूर्ण वसूल नाही, आठशेच्या आसपास बाकी आहे. मध्ये एकीने साडेतीन हजाराला मागितला होता, नाही दिला.