वेदीवर येशूची कुठली तसबीर ठेवावी?

भाचीने विरारला घर घेतलं. आशीर्वादाची तारीख ठरली, फादरांना सांगून झालं, केटररला आगाऊ पैसेही गेले, आणि मग तिच्या लक्षात आलं की वेदीवर ठेवायला तसबीरच नाही. तिने मला मोबाइलवर फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ: "मामा, यातला खरा कुठला?"

खरा एकही नाही, असं मी लिहिलं. तिला राग आला, आणि बरोबरच आहे. तिने मदत मागितली होती, मी शहाणपणा शिकवत होतो. म्हणून हे नीट बसून लिहिलेलं उत्तर. हॉल लहान आहे. वेदीसाठी मिळालीय ती दार आणि खिडकीच्या मधली अरुंद भिंत, वर एसी. माझी बहीण महिन्यातले पंधरा दिवस तिथेच मुक्कामाला असणार. जावई नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातला. घरोघरी यातलं काही ना काही असतंच, तेव्हा तुमच्याही कामाला येईल.

खऱ्या चेहऱ्याचं आधी मिटवून टाकू

येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चारही शुभवर्तमानं चाळून पाहा. येशूची उंची, वर्ण, केस, डोळे यांच्याबद्दल एक शब्द सापडणार नाही. त्यांतलं लूकचं शुभवर्तमान तेवढं वय सांगतं, सुमारे तीस. गेथशेमानी बागेत शिपायांना ओळख पटावी म्हणून त्याला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्याला चुंबन घ्यावं लागलं. कॅलेंडरवरचा गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, खांद्यावर सोनेरी केस रुळणारा माणूस त्या घोळक्यात उभा असता तर "तो काय तिथे" म्हणून बोट दाखवलं तरी भागलं असतं.

जुन्या धर्मपंडितांचंही यावर जमलं नाही. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातल्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या सेवकाला ना रूप ना सौंदर्य, त्याच्या आधारावर तर्तुल्लियन म्हणे की येशू दिसायला अगदी साधा होता. जेरोमचं म्हणणं उलटं: चेहऱ्यात आणि डोळ्यांत काहीतरी ताऱ्यासारखं तेज असल्याशिवाय शिष्य सगळं सोडून त्याच्यामागे गेलेच नसते. पाहिलं दोघांनीही नव्हतं.

चित्रं बघायला गेलं तर गोंधळ आणखी वाढतो. सिरियात दुरा-युरोपोस इथे इ. स. २३५ च्या सुमाराच्या एका घरातल्या प्रार्थनागृहात पक्षाघाती माणसाला बरं करणारा येशू भिंतीवर रंगवलेला सापडला. आखूड केस, दाढी नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींत तो बहुतेकदा खांद्यावर मेंढरू घेतलेला कोवळा पोरगा असतो. दाढी आणि लांब केस चौथ्या शतकात हळूहळू दिसायला लागतात. सिंहासनावर बसलेल्या दाढीवाल्या येशूला ग्रीकांच्या झ्यूस देवाच्या मूर्तींचं वळण आहे असं बरेच अभ्यासक मानतात. इटलीत राव्हेन्नाला सांत अपोल्लिनारे नुओव्हो नावाच्या चर्चमध्ये तर एकाच छताखाली दोन्ही आहेत: चमत्कार करताना बिनदाढीचा, दुःखसहनाच्या प्रसंगांत दाढीवाला. माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र नाण्यांचा आहे. बायझंटाइन बादशहा दुसरा जस्टिनियन याने सातव्या शतकाच्या अखेरीस आपल्या सोन्याच्या नाण्यावर लांब केसांचा, भरघोस दाढीचा येशू छापला. पुढे त्याची गादी गेली, नाक कापलं गेलं, ७०५ साली गादी परत मिळाली, आणि या खेपेच्या नाण्यांवर कुरळ्या आखूड केसांचा, बारीक दाढीचा वेगळाच येशू आला. बादशहा तोच, टांकसाळ त्याचीच, चेहरे दोन.

२००१ मध्ये बीबीसीसाठी रिचर्ड नीव्ह या ब्रिटिश तज्ज्ञाने पहिल्या शतकातल्या एका ज्यू माणसाच्या कवटीवरून चेहरा घडवला. रुंद नाक, सावळा वर्ण, आखूड कुरळे केस. तो येशूचा चेहरा नव्हेच, त्या काळच्या त्या मुलखातल्या कुठल्याही चारचौघांतल्या पुरुषाचा आहे. आखूड केसांना संत पौलाचाही पाठिंबा निघतो. पुरुषाने केस वाढवणं लाजिरवाणं, असं त्याने करिंथकरांना लिहून ठेवलंय. माहिती म्हणून मला हा चेहरा फार मोलाचा वाटतो. पण वेदीवर ठेवायला? जावयाला विचारलं तर म्हणाला, आधार कार्डावरच्या फोटोसारखा दिसतो. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

तेव्हा सारखेपणा हा निकष सोडून द्यायचा. मी दुसऱ्या दोन गोष्टी बघतो. एक, चित्रातली नजर कुठे जाते. दुसरी, घरातली माणसं त्याच्यासमोर कशी असतात: उभी, खाली चटईवर बसलेली, की जाता जाता कपाळाला हात लावून पुढे सरकणारी.

सिनाईचा ख्रिस्त

इजिप्तमधल्या सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरीनच्या मठातलं हे चित्र सहाव्या शतकातलं आहे. रंग मेणात कालवून फळीवर चढवलेले. उजवा हात आशीर्वादाला उचललेला, डाव्या हातात जडावाच्या वेष्टणाचं शुभवर्तमान. आठव्या-नवव्या शतकांत बायझंटाइन बादशहांनी मूर्ती आणि चित्रांवर बंदी घातली, कितीतरी फोडली-जाळली. सिनाई तेव्हा मुसलमानी अमलाखाली होतं, बादशहाचा हात तिथवर पोचला नाही, म्हणून हे वाचलं.

याचा एक प्रयोग करून बघा. कोरा कागद घेऊन चेहऱ्याचा अर्धा भाग झाका. आपल्या डाव्या हाताची बाजू शांत आहे, भुवई सपाट, डोळा मोकळा. आता तो भाग झाकून दुसरी बाजू बघा: भुवई चढलेली, गालावर सावली, ओठाचा कोपरा खाली ओढलेला. हा माणूस तुमचा हिशेब मागतोय. जाणकार म्हणतात एका बाजूला दया आहे आणि दुसऱ्या बाजूला न्याय, किंवा एका बाजूला देव आणि एका बाजूला माणूस. चित्रकाराच्या मनात नेमकं काय होतं ते तोच जाणे. पण कागद काढला की दोन्ही मिळून एकच माणूस आपल्याकडे बघतो आणि डोळा चुकवता येत नाही.

उणी बाजू अशी की हे चित्र लांबून कळत नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला सोफ्यावर बसून पाहिलं तर एक तपकिरी, गंभीर दाढीवाला एवढंच दिसतं. दोन-तीन फुटांवर उभं राहणाऱ्यासाठी ते आहे. मूळ फळी ८४ बाय ४५.५ सेंटिमीटरची. त्या मापाची, चमक नसलेल्या कागदावर काढलेली प्रत लाकडावर चिकटवून घेतली तर उत्तम. काचेची फ्रेम नको. समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं त्या चढलेल्या भुवईवर येतं.

पवित्र हृदय

ही वसईतल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घराची तसबीर. फ्रान्समध्ये पारे-ल-मोनिआल इथे संत मार्गारेट मेरी अलाकॉक यांना १६७३ ते १६७५ दरम्यान दर्शनं झाली, त्यातून ही भक्ती पसरली. आणि १७६७ मध्ये पोम्पेओ बातोनीने रोमच्या जेझू चर्चसाठी काढलेल्या चित्राने तिला चेहरा दिला. आपल्याकडच्या छापील प्रती त्याचीच नातवंडं-पतवंडं. मधून भांग, गुलाबी गाल, किंचित कललेली मान. बातोनीच्या येशूने हृदय हातात धरलंय, नंतरच्या बहुतेक प्रतींत ते छातीवर आलं.

चित्रकला म्हणून मला हे फार गोड वाटतं, खरं सांगायचं तर थोडं जास्तच. पण एक कबूल केलं पाहिजे: नजर थेट समोरच्यावर आहे, आणि खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून ज्वाळा, काटे आणि क्रूस असलेलं ते हृदय ओळखू येतं. आजीला मोतीबिंदू झाला तेव्हा तिला चेहरा दिसत नव्हता, तांबडा ठिपका दिसायचा. त्यावर तिचं काम चालायचं. वडीलधारी माणसं घरात असतील तर हा मुद्दा हलका समजू नका. जावयाच्या बाजूने पाहिलं तर मात्र अडचण. प्रोटेस्टंट घरांत ही तसबीर सहसा नसते, आणि त्याला ती दुसऱ्या कुणाच्या घरातली वाटणार.

दैवी दया: दोन चित्रं, आणि दुकानदार हे सांगत नाही

पोलंडमध्ये प्वोत्स्क इथे २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सिस्टर फाउस्तिना यांना झालेल्या दर्शनावरचं हे चित्र. पांढरा झगा, छातीतून निघणारे दोन किरण, एक फिकट आणि एक तांबडा, पाणी आणि रक्त. खाली "येशू, माझी तुझ्यावर श्रद्धा आहे" अशा अर्थाची ओळ. दुकानात "दैवी दयेची द्या" म्हटलं की मिळते ती बहुतेक वेळा अडोल्फ हिवाने १९४० च्या दशकात क्राकूवसाठी काढलेली. फाउस्तिना १९३८ मध्येच वारल्या होत्या, त्यांनी ती कधी पाहिली नाही. त्यांच्या देखरेखीखाली झालेलं चित्र वेगळं आहे: १९३४ मध्ये विल्नियसला एउगेनिउश काझिमिरोव्स्की याने काढलेलं. तेही त्यांच्या मनासारखं उतरलं नव्हतं. दिसलास तेवढा सुंदर तुला कोण रंगवणार, म्हणून त्या रडल्या होत्या.

दोन्ही शेजारी ठेवा. हिवाचा येशू उजळ, रेखीव, आपल्याकडे बघणारा, जणू एक पाऊल पुढे टाकून खोलीत येणार. विल्नियसचा गडद, शांत, आणि त्याची नजर खाली. क्रूसावरून खाली बघतो तशी ती असावी असं फाउस्तिनांनी सांगितलं होतं. घर सजवताना यातून सरळ एक गोष्ट निघते. विल्नियसचं चित्र डोळ्यांच्या पातळीवर लावलं तर तो तुमच्या पोटाकडे बघतो आणि सगळं बिघडतं. ते उंचावर लावा आणि संध्याकाळी खाली चटईवर बसून रोझरी करा, मग ती नजर बरोबर तुमच्यावर येते. उभ्याने घाईत क्रूसाची खूण करून लोकल पकडायला पळणाऱ्यांच्या घरात हिवाचं बरं.

आणि एक, खिडकीसमोर नको. आमच्या शेजाऱ्यांच्या तसबिरीवर रोज दुपारचं ऊन यायचं. तीन-चार वर्षांत तांबडा किरण उडाला. आता दोन्ही किरण सारखेच फिके आहेत आणि येशूचा चेहरा निळसर.

उरलेल्यांचं थोडक्यात

शिकागोच्या वॉर्नर सॉलमनने १९४० मध्ये रंगवलेलं मस्तकचित्र तुम्ही पाहिलेलं आहेच, नाव माहीत नसेल: तपकिरी केस, सोनेरी उजेड, बाजूला आणि किंचित वर गेलेली नजर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या खिशात त्याच्या छोट्या प्रती गेल्या. एकूण छापील प्रती ५० कोटींच्या वर सांगतात. हृदय नाही, जखमा नाहीत, त्यामुळे मिश्र घरात तडजोड म्हणून चालून जातं. माझी तक्रार एवढीच की तो आपल्याकडे बघत नाही. स्टुडिओत फोटोग्राफरने "जरा तिकडे बघा" म्हणावं तसा बसलाय.

इटलीतल्या तुरिनला येशूचं म्हणून जपलेलं एक कफन आहे, त्यावरचा चेहरा घरात नको. १८९८ मध्ये सेकोंदो पियाने काढलेल्या फोटोच्या निगेटिव्हवर तो उठून दिसला आणि जगभर गेला. १९८८ च्या कार्बन चाचणीत कापड १२६० ते १३९० मधलं निघालं, वाद अजून चालूच आहे. त्या वादात न पडताही सांगतो, मिटलेल्या डोळ्यांचा मृत चेहरा रात्री पाणी प्यायला उठलेल्या पोराला दिसू नये.

नाशिक रोडच्या तीर्थस्थानाला गेलेल्यांना बाल येशू हवा असतो. त्याचं मूळ प्रागचं, जेमतेम दीड फुटाची मेणाचा लेप दिलेली लाकडी मूर्ती, १६२८ मध्ये तिथल्या कार्मेलाइट संन्याशांच्या मठाला मिळालेली. पण ती मूर्ती आहे, तिला कपडे लागतात, कोनाडा लागतो. अरुंद भिंतीवर तिचं चित्र लावण्यात मजा नाही.

आपला चेहरा हवा असेल तर

इथे मी जरा रेंगाळणार. आंजेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, गोव्यातल्या सांतो इस्तेव्हचा. मुंबईला डॉक्टरकी शिकायला गेला, ती सोडली, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. परत येऊन मरियेला साडी नेसवली, तिला आपल्या बायकांचा वर्ण दिला. गोव्यात गहजब झाला. तो पुण्याला आला, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवू लागला आणि १९६७ मध्ये मरेपर्यंत रंगवत राहिला. आश्रम अँग्लिकन, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळींचा, चित्रकार गोव्याचा कॅथलिक. भाचीच्या घरासारखंच.

त्याच्या चित्रांत माणसं जमिनीवर बसतात, पाय अनवाणी असतात, नजर बहुतेकदा झुकलेली. त्यातला हळुवारपणा मला पवित्र हृदयाच्या गोडीपेक्षा शंभरपट खरा वाटतो. काहींचा आक्षेप असतो की येशू ज्यू होता, त्याला भारतीय का करायचं? मग त्याला इटालियन केलं तेव्हा कुणी विचारलं होतं? सतराव्या शतकातल्या गोव्याच्या हस्तिदंती कारागिरांनीही डोंगरावर बसून डोळे मिटलेला, गालाला हात लावलेला बाल मेंढपाळ कोरला, तो बघताना बुद्धाची आठवण येतेच. त्यांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती.

व्यवहाराची अडचण एवढीच की फोन्सेका धार्मिक वस्तूंच्या दुकानात सहज मिळत नाही. मूळ चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे, तो एकदा प्रत्यक्ष बघाच. आणि त्याची ओळख आहे ती मुख्यतः मरियेच्या चित्रांमुळे; वेदीवर मधोमध एकट्या येशूचाच चेहरा हवा असेल तर निवडीला वाव कमी.

भाचीने टेप घेऊन भिंत मोजली. एसीमुळे उंचावर जागाच नाही, त्यामुळे माझं आवडतं विल्नियसचं चित्र बाद झालं. सिनाईची प्रत मूळ मापात दार आणि खिडकीच्या मधे बरोबर बसते, जावयालाही चालते. ती लागली. आशीर्वादाच्या दिवशी बहिणीने मी सांगितलं तसा तळहाताने अर्धा चेहरा झाकून पाहिला, मग दुसरा अर्धा, आणि म्हणाली, ही बाजू आपल्या बाबांची, मार्कशीट बघताना. मग पिशवीतून घरचं जुनं पवित्र हृदय काढून तिने ते स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर लावलं. तिथे तांबडा बल्ब लावायला प्लग आहे, म्हणते.