निशी-कासाई की ओजिमा? टोकियोत घर शोधताना

टोकियोला बदली झाली की आपल्या माणसाच्या कानावर पहिलं नाव पडतं ते निशी-कासाईचं. २००० च्या सुमारास वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या सन २००० च्या तारखेच्या घोटाळ्याच्या, कामासाठी आपले इंजिनिअर आले, तोझाई या मेट्रो लाइनवरून ओतेमाचीची ऑफिसं जवळ म्हणून इथे राहिले आणि ओळखीओळखीने वस्ती वाढली. २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

बरोबर लहान मूल असेल आणि घरात कुणालाच जपानी येत नसेल, तर बिनधास्त निशी-कासाई घ्या. तूरडाळ, हिंग हाताशी मिळतं. ग्योसेन पार्कातलं छोटं प्राणिसंग्रहालय फुकट आहे. परक्या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात ओळखीच्या बोलीतले दोन शब्द किती आधार देतात, ते तिथे गेल्यावरच कळतं.

जाच आहे तो सकाळच्या लोकलचा. २०१९ मध्ये तोझाईच्या किबा ते मोन्झेन-नाकाचो टप्प्यात गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के होती. त्यात जलद गाडी निशी-कासाईला थांबतच नाही.

ओजिमा अराकावा नदीच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या मध्याच्या बाजूला, कोतो वॉर्डात. इथे एक्स्प्रेस थांबते आणि थेट शिंजुकूला नेते. यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या जुन्या, उंच इमारतींत भारतीय, चिनी आणि तिथेच म्हातारे झालेले जपानी एकाच लिफ्टने खाली येतात. कचरा चुकीच्या दिवशी ठेवलात तर एखाद्या आजी हाताला धरून तक्त्यापाशी नेतील आणि वार दाखवतील. जपानी शिकायला याहून चांगला वर्ग नाही. चालत जाण्याजोग्या अंतरावर सुनामाची गिन्झा आहे: ६७० मीटरची अरुंद गल्ली, लोणची, तेम्पुरा, ओदेन नावाचा वाफाळता रस्सेदार पदार्थ. शाकाहारी असाल तर ओदेनपासून लांब राहा, त्याचा रस्साच माशाचा असतो.

तीन-चार वर्षं राहायचं असेल, तर माझं मत ओजिमाला.

यूआरची घरं दोन्हीकडे आहेत. जामीनदार लागत नाही, दलाली नाही, घरमालकाला बिनपरतीची 'रेइकिन' नाही. डिपॉझिट दोन महिन्यांचं. उत्पन्नाची अट मात्र असते.

पुराचा धोका दोन्हीकडे आहे, दोन्ही भाग सखल आहेत. वॉर्डाचा पूरनकाशा बघूनच मजला ठरवा. आणि लक्षात ठेवा, आपण ज्याला तळमजला म्हणतो तो तिथे पहिला मजला असतो.