स्वतःचा न्यास की चालत्या संस्थेत कायम निधी? दानाचा सल्ला घेताना आणि देताना

निवृत्तीच्या सुमारास जागा विकून किंवा व्यवसाय मुलांकडे सोपवून हाती मोठी रक्कम आली की अनेक जण आपल्या सीएकडे किंवा वकिलाकडे जाऊन आईवडिलांच्या नावाने काहीतरी करण्याची इच्छा व्यक्त करतात. अशा वेळी प्रामुख्याने चार वाटा असतात: नोंदणीकृत संस्थेला थेट देणगी, अशाच संस्थेत नावाने कायम निधी (मूळ रक्कम राखून फक्त व्याज वापरायचे), स्वतःचा सार्वजनिक न्यास आणि मृत्युपत्रातील तरतूद. बोलणे बहुधा करसवलतीपासून सुरू होते. ते शेवटी यायला हवे असे माझे मत आहे, तरी तो हिशोब आधी उरकलेला बरा.

आयकर कायदा 2025 मध्ये कलमांचे क्रमांक बदलले असले तरी देणगीवरील करवजावटीसाठी लोकांच्या तोंडी 80जी हे जुन्या कलमाचेच नाव आहे. ही वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही, त्यामुळे ती निवडलेल्या व्यक्तीला खासगी संस्थेला देणगी देऊन वैयक्तिक करात काहीही वाचवता येत नाही. जुन्या प्रणालीत बहुतेक धर्मादाय संस्थांच्या देणगीवर 50 टक्के वजावट मिळते, पण पात्र देणगी समायोजित एकूण उत्पन्नाच्या (म्हणजे इतर वजावटी वगैरे वगळून उरणाऱ्या उत्पन्नाच्या) 10 टक्क्यांपर्यंतच धरली जाते आणि उरलेली पुढच्या वर्षी ओढता येत नाही. असे उत्पन्न 40 लाख रुपये असलेल्या अशिलाने 10 लाख एकदम दिले, तर 4 लाखच पात्र ठरतात, वजावट 2 लाखांची होते आणि उपकरासह कर 62,400 रुपयांनी कमी होतो. उत्पन्न तेवढेच राहील असे धरून हीच रक्कम तीन आर्थिक वर्षांत 4, 4 आणि 2 लाख अशी दिली, तर बचत 1,56,000 रुपये होते. रोखीने 2,000 रुपयांपेक्षा जास्त दिलेली किंवा वस्तुरूपातील देणगी यात बसत नाही, आणि निव्वळ पावतीही पुरत नाही; संस्थेने आयकर विभागाकडे विवरण भरल्यावर मिळणारे प्रमाणपत्र लागते.

खरा निर्णय स्वतःचा न्यास आणि कायम निधी यांच्यात असतो. न्यासाचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण नाव, उद्दिष्टे आणि विश्वस्त सारे आपले असते. परंतु महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाल्यावर तो पैसा कुटुंबाचा राहत नाही, ही गोष्ट सल्लागाराने पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगायला हवी. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, स्थावर मिळकत विकायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आयकराची स्वतंत्र नोंदणी मुदत संपण्याआधीच नव्याने करून घ्यावी लागते आणि करमाफी टिकवण्यासाठी उत्पन्नाचा किमान 85 टक्के भाग सर्वसाधारणपणे त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो. शिवाय 50 लाखांच्या निधीवर 7 टक्के व्याज धरले, तर वर्षाला साडेतीन लाख हाती येतात, आणि हिशेबनीस, लेखापरीक्षण व इतर कार्यालयीन खर्च त्यातूनच भागवावे लागतात. एवढ्या रकमेसाठी वेगळा न्यास काढणे मला शहाणपणाचे वाटत नाही, विशेषतः मुले परदेशात असतील आणि पुढचे विश्वस्त कोण, याचे उत्तर नसेल तर.

कायम निधीत हा सारा भार आधीच चालू असलेल्या संस्थेवर असतो. मूळ रक्कम कायम ठेवून व्याजातून शिष्यवृत्ती, व्याख्यानमाला किंवा वाचनालयासाठी ग्रंथखरेदी करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मात्र देणगी मूळ निधीसाठीच आहे असे देणगीदाराने लेखी कळवावे लागते, आणि इथेच सल्लागाराचे कसब लागते. कोणे एके काळी भरघोस वाटलेल्या स्मृतिपारितोषिकाच्या व्याजात आज साधे पुस्तकही येत नाही, अशी उदाहरणे गावोगावच्या शाळांत सापडतील. म्हणून व्याजाचा काही भाग मुदलात मिळवत जावा आणि मूळ हेतू कालबाह्य झाल्यास त्याच्याशी जवळचा हेतू निवडण्याची मुभा असावी, अशी कलमे पत्रात घालून घ्यावीत. संस्थेचे तीन-चार वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद पाहणे हेही सल्लागाराचेच काम आहे. ते पाहण्याचा देणगीदाराला बहुधा संकोच वाटतो.

मृत्युपत्राची वाट म्हातारपणच्या खर्चाची धास्ती असणाऱ्यांना योग्य ठरते, कारण ते हयातीत केव्हाही बदलता येते. त्यात करवजावट नाही, आणि संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक अचूक न लिहिल्यास वारसांना वादाला जागा मिळते. अनिवासी भारतीय अशिलाबाबत नागरिकत्व तपासावे: भारतीय पारपत्रधारकाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी अंशदान धरली जात नाही, पण ओसीआय कार्ड असलेल्या परदेशी नागरिकाची धरली जाते, आणि ती स्वीकारायला संस्थेकडे एफसीआरए म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

एक गोष्ट सल्लागार सहसा आपणहून सांगत नाहीत. न्यास झाला की सीएला दरवर्षीचे काम मिळते. म्युच्युअल फंड वितरकाचे कमिशन गुंतवलेल्या रकमेवर ठरत असल्याने मोठी देणगी गेली की ते घटते. आणि अशिलाने एखाद्या संस्थेला थेट धनादेश दिला तर कोणालाच फारसे काही मिळत नाही. यावरून कोणाच्या हेतूवर शंका घ्यावी असे नाही, परंतु दानाच्या सल्ल्याची फी आधीच वेगळी ठरवून घ्यावी आणि कोणत्या वाटेने गेल्यास सल्लागाराला पुढे काय मिळेल, हे त्याला सरळ विचारावे.