युनिक पॉइंटर की शेअर्ड पॉइंटर?

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत कोड रिव्ह्यूला हा वाद हमखास निघतो. दोन्ही २०११ च्या सी प्लस प्लस स्टँडर्डमधले स्मार्ट पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या ऑब्जेक्टचा पत्ता धरणारे आणि गरज संपली की ती मेमरी स्वतःच मोकळी करणारे. आमचं मत: आधी युनिकच.

युनिक हा ऑब्जेक्टचा एकमेव मालक. स्कोप (पॉइंटर जिथे जाहीर केला तो कोडचा भाग) संपला की ऑब्जेक्ट डिलीट आपोआप. ६४-बिट मशीनवर ८ बाइट, साध्या पॉइंटरइतकाच. कॉपी होत नाही, मूव्ह करावा लागतो, म्हणजे मालकी दुसऱ्या पॉइंटरकडे द्यावी लागते. मूव्हनंतर जुना नल (रिकामा) होतो, तोच वापरलात तर क्रॅश.

शेअर्डमध्ये एका ऑब्जेक्टचे मालक अनेक; त्यांची मोजणी शून्यावर आली की डिलीट. आकार साधारण १६ बाइट, शिवाय या मोजणीचा कंट्रोल ब्लॉक मेमरीत वेगळा. खरी गोम चक्रात आहे. ट्रान्स-हार्बर लोकल मार्गाचा नकाशा घ्या: ऐरोलीच्या ऑब्जेक्टने रबाळेला धरलं आणि रबाळेने ऐरोलीला, तर मोजणी शून्यावर येतच नाही, मेमरी अडकून पडते. परतीचा दुवा वीक पॉइंटर (मोजणीत न धरला जाणारा) ठेवा. आणि एकाच कच्च्या (साध्या) पॉइंटरवरून दोन शेअर्ड बनवू नका, डिलीट दोनदा होतं.